दुपट्ट्याखालचा दात

प्रयागबाई सुईणीनं बेल्यात आणि आसपासच्या खेड्यांत इतकी बाळंतपणं केली होती, की निम्मं गाव आधी तिला भेटलं होतं आणि आपल्या आईला नंतर. तिला कशाचं नवल म्हणून वाटत नसे. पायाळू आलं, जुळं आलं, नाळ गळ्यात घालून आलं, तरी प्रयागबाई तोंडातलं पान या गालातून त्या गालात सारायची, "ये बाप्पा, ये," म्हणायची आणि कामाला लागायची. त्यामुळे त्या सकाळी देवकाबाईच्या घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा ओट्यावर बसलेल्या तिच्या मुलानं, यशवंतरावानं, निवांतपणे बिडी पेटवली. पाठोपाठ प्रयागबाईची किंकाळी आली आणि बिडी धोतरावर पडली.

"व माय! हिलेबी!"

"काय झालं व?" देवकाबाई आत ओरडली.

"चावली!"

"कोन?"

"हे काय, आत्ता आली ते!"

बाळाच्या तोंडातला चिकटा काढायला प्रयागबाईनं बोट घातलं होतं. खालच्या हिरडीवर, अगदी समोर, तांदळाच्या कणीएवढा एक दात तिच्या बोटाला लागला. दिव्यापाशी नेऊन पाहिला. पांढरा होता, धारदार होता, आणि पुसून जात नव्हता.

बयना, यशवंतरावाची धाकटी बहीण, रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली की मुलगा, हे सांगायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही. दात झाला, हीच बातमी. आधी देवकाबाई दारात आली, मग प्रयागबाई, मग दोन शेजारणी. चौघींनी मिळून यशवंतरावाकडे पाहिलं. पाहण्याची ती तऱ्हा त्याच्या ओळखीची होती. बाजारात खाटकाच्या दोरीला लागलेल्या बैलाकडे लोक असंच पाहतात. कीव असते, पण सोडवायला कोणी पुढं येत नाही.

कारण मुलखाला ठाऊक होतं. दात घेऊन आलेलं लेकरू मामाच्या मुळावर येतं. आणि या लेकराला मामा एकच होता. त्याला मामा होऊन अजून अर्धी बिडीही झाली नव्हती.

खरं तर यशवंतराव दातांना भिणारा माणूस नव्हता. दातांवरच त्याचं पोट होतं. तो बैलांचा दलाल. आदिलाबादच्या बाजारात त्यानं बैलाचा ओठ अंगठ्यानं वर सारला, की मालकाची थाप तिथंच संपायची. अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, आठही दात आलेला जुळलेला. बैलाचं वय त्याच्या मालकापेक्षा यशवंतरावाला जास्त माहीत. मग खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव बोलायचा. वर दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात, खाली दुपट्ट्यात भांडण चाललेलं असतं. शेवटी एकानं दुसऱ्याची बोटं मुठीत घट्ट धरली, की सौदा पक्का. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत नाही.

तेव्हा धक्का ओसरल्यावर त्यानं आपल्या धंद्यातलं शहाणपण बाहेर काढलं.

"वासरू तं दात घेऊनच येते," तो चाचरत म्हणाला. "त्यात काय येवढं?"

"मंग हिले गोठ्यात बांधू काय?" प्रयागबाई म्हणाली.

बाळाला कोणी गोठ्यात बांधलं नाही. मामाच तिकडं राहायला गेला.

बाळाचं तोंड मामाच्या नजरेला पडलं नाही, तर दाताचा जोर चालत नाही, असं देवकाबाईनं कुठंतरी ऐकलं होतं. कुठं ते तिनं सांगितलं नाही. यशवंतरावानं विचारलंही नाही. अंथरूण, तांब्या आणि बिडीबंडल घेऊन तो विकायला आणलेल्या दोन बैलांच्या शेजारी मुक्कामाला गेला. भाकरी झरोक्यातून यायची. बाळ रडलं, की तो कानांत बोटं घालायचा. दात ऐकूही येऊ नये म्हणून.

सरकारी दवाखान्यातल्या तेलुगू डॉक्टरला देवकाबाईनं बाळ दाखवलं. त्यानं दात हलवून पाहिला, हलला नाही, आणि एकच शब्द बोलला, "पर्वालेदु." काही हरकत नाही. एवढ्या मोठ्या संकटाला एक शब्द! दोन इंजेक्शनं दिली असती तर गावानं काही विश्वास ठेवला असता. देवकाबाई हात हलवत घरी आली आणि डॉक्टर नवीन आहे, एवढा निष्कर्ष निघाला.

गाव घरी येतच होतं. बायका बाळ पाहायला यायच्या आणि मामा पाहून जायच्या. गोठ्याच्या दारात उभ्या राहून "बरं हाये ना, यशवंतभाऊ?" असं विचारायच्या आणि उत्तर ऐकायला थांबायच्या नाहीत. एके दिवशी गल्लीतला अमृतराव आला. बराच वेळ पांढऱ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"यशवंतराव, हा मले द्याचा म्हनत होते ना तुमी?"

"दिवाळीनंतर पाहू म्हनलं होतं."

"हो, पन दिवाळी तं..." अमृतराव थांबला, खाकरला. "मी म्हनतो, आत्ताच होऊन जाऊ द्या. पुढचं कोनाले सांगता येते?"

यशवंतरावानं त्याला हाकललं. पण तो गेल्यावर स्वतःची नाडी धरून बसला.

असं महिना-दीड महिना चाललं. मग बाजारहत्नूरहून बयनाचे सासरे उद्धवराव राजदूत फटफटीवर आले आणि गोष्ट थट्टेच्या पलीकडं गेली.

बाळंतीण सासरी परत जाताना एक रीत असते. मामानं बाळ मांडीवर घ्यायचं, डोक्याला टोपडं बांधायचं आणि आजोबाच्या हातात द्यायचं. उद्धवराव ओट्यावर टेकले, चहा प्याले आणि गोठ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "इवाईनबाई, ज्या लेकराले त्याचा सख्खा मामा मांडीवर घेत नाही, ते आमी काऊन घरात घ्याव? एक तं दात काढून द्या, नाही तं मामाच्या हातानं द्या. येत्या आठवड्यात मी जीप घेऊन येतो. दोनीपैकी काहीच नसन, तं बयना आन तिची पोरगी राहू द्या इथंच."

फटफटी गेली. बयना बाळाला पदराखाली घेऊन अंगणात आली आणि गोठ्याच्या बंद दारासमोर उभी राहिली.

"भाऊ, आयकलं?"

आतून एक बैल फुरफुरला.

"मी बैलाले नाही विचारून राह्यली."

"बयना," आतून आवाज आला, "मले मराले लावतं काय?"

"मी दूध पाजतो तिले. माह्या अंगाले दात लागते. मी मेली काय? मले चावून राह्यली आन तुमी मरून राह्यले! तुमच्या एका जिवापायी मी जलमभर इथं भाकरी थापत बसू?"

उत्तर देवकाबाईनं ठरवलं होतं. मुलगा जगला पाहिजे आणि मुलगी नांदली पाहिजे, तर मध्ये राहतो फक्त दात. तिनं प्रयागबाईला निरोप धाडला, दोरा घेऊन ये. बयनाला हे कळलं, तेव्हा तिनं शेजारच्या पोरीला पिटाळलं ते बौद्ध वस्तीत, ताराबाई शिक्षिकेकडे.

ताराबाई जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. बयना तिच्या हाताखालून गेलेली. ताराबाईचा बाप याच गावात दुसऱ्याच्या वावरात राबला. ताराबाईच्या शाळेत मात्र त्या वावरांच्या मालकांची पोरं छडीसाठी हात पुढं करून उभी राहायची. त्यामुळे ती अंगणात आली तेव्हा प्रयागबाईनं दोरा नकळत पाठीमागं लपवला.

"तो दोरा कशाले, काकू?"

"फुलं ओवाले."

"फुलं कुठं हायेत?"

प्रयागबाईनं वर पाहिलं. फुलं वरही नव्हती.

ताराबाईनं बाळाचं तोंड पाहिलं. दातावर बोट टेकवलं, हळूच ढकललं. मग पर्समधून खडू काढला आणि सरळ गोठ्याच्या दारावर जबड्याचा अर्धगोल काढला. बयना बाळाला घेऊन पाठमोरी बसली. यशवंतरावानं दार वीतभर उघडलं आणि एक डोळा बाहेर काढला.

"यशवंतभाऊ, नीट आयका. दात जन्मानंतर येत नाही. पोटात सहावा आठवडा लागला, की जबड्याच्या कडेनं एक जाडसर पट्टी उठते. बाळ तेव्हा तुरीच्या दाण्याएवढं असते."

"तेवढ्याशाले दात?"

"दाताची तयारी. मग त्या पट्टीवर कळ्या धरतात. कपाशीले पात्या लागतात ना, तशा. वर दहा, खाली दहा. कळी खालून दबते आन तिची टोपी होते. टोपी वाढली की तिची घंटा होते, तुमच्या बैलाच्या गळ्यात असते तशी. घंटेच्या पोकळीत मऊ गर असते. त्या गराच्या बाजूनं दात धरते, आन घंटेच्या बाजूनं त्याच्यावर कवच चढते. शरीरात त्या कवचाहून टनक काही नाही. चौथ्या महिन्यात तं समोरचे दात कडक व्हाले लागते."

घंटेपर्यंत यशवंतराव बरोबर होता. पण त्याचं मन मागंच एका आकड्यावर अडकलं होतं.

"बाई, वर दहा म्हनले तुमी?"

"हो."

"आन खाली दहा."

"हो."

"म्हंजे वीस. कोनाले?"

"सगळ्यांले. जन्मनाऱ्या हरेक लेकराले. हिचा एक जरा लवकर वर आला, येवढंच. बाकीचे एकोनीस हिरडीखाली बसून हायेत."

ताराबाईला वाटलं होतं, हे ऐकून माणसाला धीर येईल. वर्गात पोरांना यायचा. यशवंतरावाचा बाहेर दिसणारा डोळा मात्र मोठा मोठा होत गेला.

"एकोनीस!"

"आन त्यांच्या मागं कायमच्या दातांच्या कळ्या. पहिल्या मोठ्या दाढेवर तं जन्माच्या सुमारासच कवच धरते."

दार मिटलं. आत यशवंतराव गव्हाणीत बसला. एका दाताशी त्यानं मनाची तयारी केली होती. माणूस मरतो तो एकदाच, एका मामाला एक दात पुरतो. पण इथं वीस दात, त्यांच्या मागं दाढा, सगळे हिरडीखाली दबा धरून! आणि एकीच्याच नाही, सगळ्यांच्या! त्याला गल्लीतून पळणाऱ्या पोरांचा आवाज आला. गावच्या लेकी सगळ्या बहिणी, ही बेल्याची रीत. माहेरी येऊन बाळंत झालेल्या एकूणएक बाईचं पोर त्याला मामा म्हणायचं. ती सगळी पोरं तोंडभर हसून त्याच्या मांडीवर बसली होती, त्याच्या मिशा ओढून गेली होती, आणि प्रत्येकाच्या तोंडात तेव्हा वीस-वीस दात! तो इतकी वर्षं दातांच्या मधूनच चालत आला होता. त्याच्या कपाळाला घाम फुटला.

पण यशवंतराव दलाल होता. घाम फुटला तरी दलालाचा हिशेब थांबत नाही. वीस गुणिले गावची पोरं, असा आकडा त्यानं मनात मांडला, आणि त्या आकड्यासमोर स्वतःला उभं केलं. काहीतरी जुळत नव्हतं. दार पुन्हा वीतभर उघडलं.

"बाई, मंग मी जिता कसा?"

"तेच तुमी सांगा," ताराबाई म्हणाली. "आन आनखी एक आयका. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या दातांच्या कवचात एक बारीक रेघ पडते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. पोटातून बाहेर याचा धक्का दातालेबी बसते, त्याची खून."

"दातालेबी धक्का बसते?"

"बसते. पन दात त्या रेघेच्या पुढं कामाले लागते. गोठ्यात जाऊन बसत नाही."

बयना बाळावर वाकून हसली. ताराबाईनं खडू पर्समध्ये टाकला आणि देवकाबाईकडे वळली.

"आता तुमचं. दात उपटू नका. पक्का हाये, घशात जानार नाही. हा काही जास्तीचा दात नव्हे. त्या विसातलाच एक. काढला, तं त्या जागी सहा-सात वर्षं काही येनार नाही. समोर खिंड राहीन पोरीले."

देवकाबाई आणि प्रयागबाईनं एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्याचं कारण ताराबाईला कळलं नाही, कारण ती यशवंतरावाच्या लहानपणी त्याच्याशी खेळली नव्हती. सात वर्षांचा होईपर्यंत अख्खं गाव त्याला खिंड्या म्हणायचं. खालचा समोरचा दात नव्हता. उखळावर पडला आणि दात गेला, असं देवकाबाई आल्यागेल्याला सांगायची.

गोठ्याचं दार पूर्ण उघडलं. दीड महिन्याची दाढी घेऊन यशवंतराव उंबऱ्यात उभा होता.

"माय, मी उखळावर पडलो तवा केवढा होतो?"

देवकाबाई पदर सारखा करू लागली. तो सारखाच होता.

"मी जातो व," प्रयागबाई म्हणाली, "मले काम हाये."

"काकू, त्या दिवशी 'हिलेबी' म्हनून वरडली होतीस तू. आनखी कोनाले होता?"

प्रयागबाईनं पानाची पिंक टाकली, तोंड पुसलं. बाळंतपणात ती कधी हरली नव्हती, पण इथं सुटका दिसेना. "सांगून टाक देवका. आता खडूनं काढून दाखोलं बाईनं, काय लपोतं?"

"तुलेबी होता," देवकाबाई जमिनीकडे पाहत म्हणाली. "त्याच जागी. घरात कोनी येन्याच्या आधी इनं उपटला आन मी चुलीच्या राखेत पुरला. माहा भाऊ वाचला पायजे म्हनून. त्याले सांगतलं असतं, तं तो भ्यानंच मेला असता."

"डोमाजीमामा?"

"हो."

"ते तं परवा सीताफळं घेऊन आलते!"

यशवंतराव मटकन उंबऱ्यावर बसला. आपण दात घेऊन आलो! ज्याच्या भयानं गोठ्यात राहिलो, तो दात आपल्याच तोंडात होता! आणि डोमाजीमामा ऐंशीच्या घरात गेला, दोन बायकांना पोचवून आला, अजून फुटाणे खातो. बैलानं मागून त्याचा कान चाटला तरी त्याला कळलं नाही.

उद्धवराव ठरल्याप्रमाणे जीप घेऊन आले. घरातलं वडीलधारं माणूस म्हणून डोमाजीमामालाही बोलावलं होतं. पांढरी मिशी, हातात काठी, ओट्यावर चहाची बशी फुंकत तो बसला होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. आजवर सांगितलं नव्हतं, मग आजच काय घाई?

यशवंतराव दाढी करून, अंघोळ करून, खांद्यावर दुपट्टा टाकून गोठ्यातून बाहेर आला. चटईवर मांडी घातली. बयनानं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याच क्षणी त्यानं डोळे मिटले. डोक्याला सगळं पटलं होतं. डोळ्यांना आणि हातांना अजून कोणी समजावलं नव्हतं. उद्धवराव मान पुढं काढून पाहत होते.

मग त्याच्या हातांनी तेच केलं, जे त्यांना आयुष्यभर येत होतं. दुपट्टा खांद्यावरून उतरला आणि बाळाच्या तोंडावर पसरला. उजवा हात आत गेला.

बाजारहत्नूरच्या माणसाला ही खूण सांगायला लागत नव्हती. दोन बैल उद्धवरावांनी याच दुपट्ट्याखाली घेतले होते. त्यांनी आपोआप मान मागं घेतली. सौदा चालू असताना मध्ये पडत नाहीत.

दुपट्ट्याखाली अंगठ्यानं ओठ हळूच खाली सारला. बोटाला हिरडी लागली, ओली आणि गरम. मग दात लागला. बोट स्थिर राहिलं. हजारो तोंडांत फिरलेलं बोट होतं ते. धार पाहिली, रुंदी पाहिली, बूड पाहिलं.

"दुधाचा," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"मंग?" उद्धवराव म्हणाले.

"मंग काय? बाजारात दुधाचे दात कोनी मोजते काय? गोऱ्ह्याच्या तोंडात दुधाचे आठ असले तरी आपन त्याले अदंतच म्हनतो. पोरगी अदंत हाये, इवाई. तुमीच सांगा, हाये का नाही?"

चाळीस वर्षं बैल घेणाऱ्या माणसाला नाही म्हणता येण्यासारखं ते नव्हतंच.

आणि तेवढ्यात यशवंतराव ओरडला. दुपट्ट्याखाली बाळानं त्याचं एक बोट मुठीत पकडलं होतं आणि दुसरं चावलं होतं. मूठ सुटेना. एवढीशी मूठ, पण बाजारातल्या कोणत्याही गिऱ्हाइकानं धरली नसेल इतकी घट्ट. यशवंतरावाला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं दुपट्टा ओढून बाजूला फेकला आणि भाचीकडे पाहिलं, सरळ, दोन्ही डोळ्यांनी. तिनंही पाहिलं. तिच्या नाकाचा शेंडा देवकाबाईसारखा होता, आणि खाली, अगदी समोर, ती कणी चमकत होती.

"काय म्हनते?" उद्धवरावांनी विचारलं.

"पक्का म्हनते," यशवंतराव म्हणाला. त्यानं टोपडं बांधलं, गाठ दोनदा चुकली, आणि बाळ उद्धवरावांच्या हातात दिलं. "दात पाहून घ्या. मागून तक्रार चालनार नाही."

बयनाचं अडकलेलं रडू आता सुटलं आणि त्या भरात तिच्या तोंडून सासऱ्यांसमोर निघून गेलं, "मामाजी, पाहा ना! भाऊबी असाच दात घेऊन आलता, आन उगीच गोठ्यात..."

डोमाजीमामाची बशी ओठांपाशी थांबली.

"कोन आलता दात घेऊन?"

देवकाबाई पदर सारखा करू लागली.

"मी, मामा," यशवंतराव म्हणाला. "पन मायनं उपटला. काही झालं नाही ना तुमाले."

"मले कोनी सांगतलं नाही?" डोमाजीमामा उठून उभा राहिला. बशीतला चहा धोतरावर सांडला, त्याचं त्याला भान नव्हतं. त्यानं यशवंतरावाच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि झटकन नजर फिरवली. "इतकी वर्सं मी असा उघड्यावर फिरलो? याच्याच पंगतीत जेवलो? याच्यासंगं सीताफळं खाल्ली?"

"आता काय होते, मामा? तुमी ऐंशीचे..." बयना म्हणाली.

"मंग दाताचा जोर आत्ताच नाही चालत कशावरून?"

ताराबाईला बोलवा, असं बयना म्हणत होती. उद्धवराव जीपजवळून "चला, उशीर होते," म्हणत होते. डोमाजीमामानं कोणाचंच ऐकलं नाही. काठी टेकत, यशवंतरावाकडे पाठ ठेवून, तो अंगण ओलांडून गोठ्यात गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं. बैलांना आता सवय झाली होती. त्यांनी सरकून जागा करून दिली.